निबंध लिहिला, पण वाचणार कोण?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विषय निवडायची भरपूर मोकळीक असते. संगणकशास्त्राबरोबर त्याला नाटक घेता येते, अर्थशास्त्राबरोबर जपानी भाषा. एका वर्गातून मात्र सहसा कुणाची सुटका होत नाही. कुठे त्याचे नाव ‘इंग्लिश १०१’ असते, कुठे ‘फ्रेशमन कॉम्पोझिशन’, तर कुठे ‘फर्स्ट-इयर रायटिंग’. इंग्रजीत लिहायचे कसे, हे शिकवणारा हा वर्ग. पुण्या-मुंबईहून बारावीनंतर थेट तिकडे जाणाऱ्या मुलांना त्याचे कोडे पडते. शाळा इंग्रजी माध्यमाची, परदेशी प्रवेशासाठीची इंग्रजीची परीक्षाही पार पडलेली, मग आता इंजिनिअर होताना पुन्हा निबंध कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि अमेरिकेतही तो शंभरेक वर्षे विचारला जातो आहे. या वर्गात व्याकरण किती असावे, कविता-कथा असाव्यात की नसाव्यात, तो सक्तीचा असावा की ऐच्छिक, यावर तिथल्या इंग्रजी विभागांत भांडणे झाली आणि ग्रंथ लिहिले गेले. या वादांच्या मुळाशी एक साधी बाब आहे आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष गेले आहे. विद्यार्थ्याने लिहिलेले मन लावून वाचणारा, त्यावर त्याच्याशी बोलणारा आणि सुधारलेले पुन्हा वाचणारा माणूस असेल तरच लेखन शिकवता येते. या अभ्यासक्रमाचा इतिहास पाहिला तर तो या वाचणाऱ्याच्या वेळेचा, पगाराचा आणि प्रतिष्ठेचा इतिहास आहे.

आधी या वर्गात चालते काय ते पाहू. एका सत्रात विद्यार्थी साधारण चार-पाच निबंध लिहितो. एखादा लेख वाचून त्याचा गोषवारा द्यायचा, दोन लेखकांची मते ताडून पाहायची, एखाद्या प्रश्नावर स्वतःची भूमिका मांडायची, शेवटी ग्रंथालयात शोध घेऊन संदर्भांसह मोठा निबंध लिहायचा, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक निबंधाचा आधी कच्चा खर्डा होतो. तो वर्गमित्र वाचतात, शिक्षक समासात शेरे लिहितात, कधी विद्यार्थ्याला समोर बसवून दहा-पंधरा मिनिटे त्यावर बोलतात, आणि मग तो पुन्हा लिहावा लागतो. ‘समाजमाध्यमांमुळे तरुण पिढी बिघडली आहे’ असे वाक्य कुणी लिहिले की शिक्षक समासात विचारतो: कोणते तरुण, बिघडले म्हणजे नेमके काय झाले, आणि हे तुला कशावरून कळले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता पहिला परिच्छेद मोडतो आणि नवा उभा राहतो. व्याकरणाची चूक दाखवणे त्या मानाने सोपे. आपण जे लिहिले ते आपल्याला खरोखरच म्हणायचे आहे का, हे विद्यार्थ्याला तपासायला लावणे हे या वर्गाचे खरे काम, आणि त्याला वेळ लागतो.

हा वर्ग जन्मला तो एका तक्रारीतून. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या काळात, १८७४ च्या सुमारास, प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आला. विषय शेक्सपिअरसारख्या नेमलेल्या लेखकांच्या कृतींतून घ्यायचा होता. चांगल्या शाळांतून आलेल्या मुलांचे लेखन पाहून परीक्षकांनी कपाळाला हात लावला. (योगायोग असा की आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली तीही १८७४ सालीच.) उपाय म्हणून पूर्वी पत्रकार असलेले अ‍ॅडम्स शर्मन हिल यांच्या देखरेखीखाली लेखनाचा सक्तीचा वर्ग बसवला गेला आणि १८८५ मध्ये तो पहिल्या वर्षावर आला. ‘इंग्लिश ए’ हे त्याचे नाव. एलियट हे विषय निवडीच्या स्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी एकेक सक्ती काढून टाकली, आणि शतक सरत आले तेव्हा हार्वर्डमध्ये सक्तीचा म्हणावा असा एवढा एकच विषय उरला. इतर विद्यापीठांनी हाच कित्ता गिरवला. बॅरेट वेंडेल यांच्या वरच्या वर्गात तर विद्यार्थी रोज एक छोटा मजकूर लिहून देत. शेकडो मुले आणि हजारो कागद. ते वाचायचे कुणी, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला.

त्याचे उत्तर ज्या पद्धतीने दिले गेले तिने पुढचे सगळे ठरवले. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड हे हार्वर्डचे थोर अभ्यासक. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या लोकगाथांचा त्यांचा संग्रह आजही प्रमाण मानला जातो. वक्तृत्व आणि लेखन शिकवण्याच्या अध्यासनावर ते १८५१ पासून होते आणि विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बोलावणे धाडले तेव्हा हार्वर्डने त्यांना राखले ते त्या कामातून मोकळे करून. १८७६ मध्ये ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि निबंधांचे गठ्ठे हिल यांच्याकडे गेले. या बदलीत अमेरिकन इंग्रजी विभागाची अख्खी उतरंड दडलेली आहे. साहित्यावर संशोधन करणारा वर, विद्यार्थ्याचे लेखन वाचणारा खाली. नाव होते संशोधनाने, आणि निबंध तपासणे ही उमेदवारीच्या काळात भोगायची शिक्षा ठरते. आजही लेखनाचे बहुतेक वर्ग पीएचडी करणारे तरुण ‘टीए’ (टीचिंग असिस्टंट) घेतात, नाहीतर सत्रागणिक नेमलेले अर्धवेळ शिक्षक, ज्यांतले कित्येक उदरनिर्वाहासाठी दोन-तीन कॉलेजांत धावपळ करतात. इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद १९११ मध्ये स्थापन झाली. तिच्या ‘इंग्लिश जर्नल’चा पहिला अंक १९१२ च्या जानेवारीत निघाला. त्यातला पहिलाच लेख कॅन्ससच्या एडविन हॉपकिन्स यांचा होता आणि सध्याच्या परिस्थितीत लेखन नीट शिकवता येईल का, हाच त्याचा विषय होता. त्यांचे उत्तर ठाम ‘नाही’ असे होते, आणि कारण म्हणून शिक्षकाच्या माथी असलेल्या कागदांचे ओझे पुढे केले. शंभर वर्षांनंतरही त्या लेखात फारसे काही बदलावे लागणार नाही.

ज्याला वाचायला वेळ नाही तो चुका मोजतो. हे मानवी आहे, पण त्यामुळे लेखन शिकवणे म्हणजे लाल शाईने स्पेलिंग आणि स्वल्पविराम दुरुस्त करणे, असा समज पिढ्यानपिढ्या रुजला. १९६३ मध्ये ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर या अभ्यासकांनी लेखन-अध्यापनावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की सुटे, औपचारिक व्याकरण शिकवून लेखन सुधारल्याचा पुरावा जवळजवळ नाही. उलट लिहिण्याचा वेळ त्यात गेल्याने नुकसानच संभवते. चुकांबद्दलचा दुसरा पुरावा अधिक मजेशीर आहे. ‘आजकालच्या मुलांना लिहिता येत नाही’ हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते, म्हणून अभ्यासकांनी विद्यार्थ्यांच्या निबंधांतल्या चुका प्रत्यक्ष मोजल्या. १९१७ च्या पाहणीत शंभर शब्दांमागे २.११ चुका निघाल्या, १९३० मध्ये २.२४. रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी १९८६ च्या निबंधांत २.२६ मोजल्या. २००६ च्या निबंधांवरच्या पाहणीत आकडा २.४५ होता. म्हणजे नव्वद वर्षांत फरक नगण्य. बदल झाला तो निबंधाच्या लांबीत. १९१७ मध्ये सरासरी निबंध १६२ शब्दांचा होता, १९८६ मध्ये ४२२ आणि २००६ मध्ये १,०३८ शब्दांचा. मजकुराचा प्रकारही पालटला. पूर्वी आठवणी आणि वर्णने लिहिली जात, आता युक्तिवाद आणि संशोधन. १९८६ मध्ये स्पेलिंगच्या चुका सर्वांवर मात करून होत्या. संगणकाने त्या दुरुस्त करायला सुरुवात केल्यावर चुकीचा शब्द वापरण्याची चूक पहिल्या क्रमांकावर आली, आणि त्यातले काही शब्द तर संगणकानेच सुचवलेले.

यावर चटकन आक्षेप येतो: इतकी वर्षे सक्तीचा वर्ग चालवूनही चुका तेवढ्याच राहत असतील तर तो वर्ग फुकटच नव्हे का? हा आक्षेप एक गोष्ट विसरतो. दरवर्षी पहिल्या वर्षाला येणारी मुले नवी असतात, आणि सहापट लांब, अधिक अवघड मजकूर लिहूनही चुकांचे प्रमाण तेवढेच राहणे ही काही अधोगती नव्हे. तरी मी हे आकडे वर्गाच्या यशाचा दाखला म्हणून मांडणार नाही. चुका मोजून लेखन मोजता येत नाही, एवढेच त्यांतून सिद्ध होते. चुकांकडे पाहण्याची वेगळी रीत मीना शॉनेसी यांनी दाखवली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातल्या शाळा पार केलेल्या सर्वांना दारे उघडली आणि ज्यांच्या घरी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशी मुले हजारोंनी आली. त्यांचे निबंध पाहून अनेक प्राध्यापकांनी ही मुले शिकवण्यापलीकडची ठरवली. सिटी कॉलेजमध्ये या वर्गांची जबाबदारी असलेल्या शॉनेसी यांनी मात्र असे सुमारे चार हजार निबंध बारकाईने वाचले आणि १९७७ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसले की या चुका बेशिस्त नाहीत. प्रत्येकीमागे विद्यार्थ्याने स्वतःच बांधलेला नियम आहे, थोडा चुकीचा, पण तर्कशुद्ध. तो नियम ओळखला की शिकवणे शक्य होते, नुसती लाल रेघ मारून होत नाही. पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्यांबद्दल आपल्याकडे जे तुच्छतेने बोलले जाते ते ऐकताना हे पुस्तक आठवावे असे आहे. आणि शॉनेसी यांनी केले काय? लक्ष देऊन वाचले.

आता साहित्याकडे. अनेक कॉलेजांत लेखनाचा दुसरा टप्पा कथा, कविता, नाटक यांच्या आधाराने घेतला जातो. विद्यार्थी एखादी कथा वाचतो आणि तिच्यावर निबंध लिहितो. हे योग्य की अयोग्य, यावर १९९३ मध्ये ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकात एरिका लिंडेमन आणि गॅरी टेट यांचा गाजलेला वाद झाला. लिंडेमन यांचे म्हणणे असे की पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गात साहित्याला जागा नको. पुढे विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचा अहवाल, अर्थशास्त्राचा निबंध लिहायचा आहे. आणि साहित्य आले की शिक्षक व्याख्यान देऊ लागतो, विद्यार्थी ऐकत बसतो, लिहिणे मागे पडते. टेट यांचे उत्तर असे की माणूस फक्त विद्यापीठापुरता लिहीत नाही, आणि जगातले सर्वांत समर्थ गद्य-पद्य लेखनाच्या वर्गातून हद्दपार करणे हे दारिद्र्य आहे. माझे मत टेट यांच्या बाजूने झुकते, पण लिंडेमन यांची तक्रार खरी आहे हे मान्य करूनच. साहित्य लेखनाला गिळते, ही वस्तुस्थिती आहे. दोष कवितेचा नाही, कवितेचा अर्थ वर्गासमोर तयार वाढणाऱ्या शिक्षकाचा आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचे नाव झाकून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या, मोकळेपणाने लिहायला सांगितले आणि त्या लेखी प्रतिसादांवरच १९२९ चे आपले ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ उभारले. उत्तम शिकलेली मुले कविता किती अजब रीतीने वाचतात, हे त्यातून उघड झाले. तिथे कविता होती, पण अभ्यासाचा विषय विद्यार्थ्याचे लिहिणे हा होता. साहित्य असे वापरले तर ते लेखनाचा शत्रू ठरत नाही. कवितेइतके दाट, दोन-तीन अर्थ एकाच वेळी पेलणारे आणि एका पानात मावणारे दुसरे साहित्य वर्गासाठी कुठून आणणार?

सक्तीच नको, असेही एक मत आहे. शॅरन क्रॉली या स्वतः लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक. सर्वांवर लादलेला हा वर्ग रद्द करावा, असे त्यांनी १९९८ च्या पुस्तकात आग्रहाने मांडले, कारण सक्तीमुळेच तो स्वस्त कंत्राटी श्रमांवर चालतो. युक्तिवाद वजनदार आहे. पण सक्ती गेली तर ज्या मुलांना घरी किंवा महागड्या शाळेत लेखनाचे वाचक मिळालेले नाहीत, तीच आधी हा वर्ग टाळतील, आणि ज्यांना आधीच येते ती आणखी पुढे जातील. मोठे लेखक कुठे असा वर्ग करून आले, हा दुसरा लाडका आक्षेप. चिपळूणकरांनी मेकॉले आणि जॉन्सन वाचूनच आपले गद्य घडवले, हे खरेच. पण हा वर्ग चिपळूणकरांसाठी नाही. उद्या आजाराचे कारण रुग्णाला चिठ्ठीत लिहून समजावणाऱ्या डॉक्टरसाठी आहे, धरणाच्या भिंतीतल्या भेगेबद्दल वरिष्ठांना टिपण पाठवणाऱ्या इंजिनिअरसाठी आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि सर्वांत ताजा आक्षेप तेव्हापासूनचा. निबंध जर यंत्र लिहून देते तर तो शिकायचा कशाला? तयार निबंधालाच गुण देणाऱ्या वर्गाची यंत्राने पंचाईत केली आहे यात शंका नाही. तो निबंध आता फुकट मिळतो. मात्र खर्डा, त्यावरचे बोलणे आणि पुनर्लेखन यांना गुण असतील, तर यंत्राचा मजकूर आणणारा विद्यार्थी पहिल्या बोलण्यातच उघडा पडतो, कारण त्यातले वाक्य तसेच का लिहिले हे त्याला सांगता येत नाही. खरा धोका मला दुसऱ्या टोकाला दिसतो. कागदांच्या ओझ्याने वाकलेल्या शिक्षकाला तपासणीही यंत्राकडे सोपवण्याचा मोह होणार, व्यवस्थापनाला तर नक्कीच होणार. मग यंत्राने लिहिलेले यंत्र वाचेल आणि गुणपत्रिका मात्र माणसाच्या नावाने निघेल. व्याकरणाच्या चुका यंत्राने जरूर दाखवाव्यात. त्याने शिक्षकाचा वेळ वाचत असेल तर तो वेळ समोर बसून बोलण्याला मिळावा, वर्गात आणखी तीस मुले कोंबायला नव्हे.

शेवटी हिशेब आलाच. समजा, शिक्षकाकडे वीस विद्यार्थी आहेत, प्रत्येकाचे चार निबंध, प्रत्येकी दोन खर्डे, आणि एका खर्ड्याला पंधरा मिनिटे. सत्राला चाळीस तास होतात. तीच पद्धत शंभरांच्या वर्गाला लावली तर दोनशे तास, तेही फक्त वाचनाचे. अमेरिकेतल्या लेखन-शिक्षकांच्या संघटनेने एका वर्गात विसांहून अधिक आणि एका शिक्षकाकडे सत्राला साठांहून अधिक विद्यार्थी नसावेत, अशी शिफारस केली आहे ती या गणितावरूनच. सगळी कॉलेजे ती पाळत नाहीत. तरीही पंचवीसच्या आसपासचा वर्ग तिथे नवलाचा नाही.

आपल्याकडच्या सक्तीच्या इंग्रजीचे वळण वेगळे आहे, आणि त्याला कारण आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले, म्हणजे शिकवणार कॉलेजे आणि परीक्षा घेणार विद्यापीठ. त्याआधीपासूनच इंग्रजी साहित्य हे भारतीयांच्या नैतिक जडणघडणीचे साधन म्हणून राज्यकर्ते वापरत होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’मध्ये दाखवले आहे की अभ्यासविषय म्हणून इंग्रजी साहित्य इंग्लंडच्याही आधी इथे आकाराला आले. या दोन गोष्टींचा वारसा एफवायच्या कंपल्सरी इंग्लिशच्या पेपरमध्ये आहे. नेमलेले धडे, नेमलेल्या कविता, जोडीला अर्ज आणि पत्रलेखन. बाजारात गाईड मिळते, त्यात उत्तरे तयार असतात, आणि उत्तरपत्रिका दूरचा परीक्षक एकदाच तपासतो. विद्यार्थ्याच्या हाती गुण येतात, शेरा येत नाही. त्याचे वाक्य वाचून ‘म्हणजे काय?’ असे विचारणारा माणूस या साखळीत कुठेच नाही. त्यामुळे अभ्यासक्रमात ‘संवादकौशल्य’ घाला, ‘सर्जनशील लेखन’ घाला, पुस्तक रंगीत करा, गाईडवाले महिन्याभरात त्याचीही उत्तरे छापतात.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली एईसी म्हणून ओळखले जाणारे भाषेचे अभ्यासक्रम आले आहेत. त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर चर्चा होते, तुकडीच्या आकारावर फारशी नाही. आणि इथे एक नमुना आपल्याच आवारात आहे. विज्ञानशाखेत शंभरांचा वर्ग व्याख्यानाला एकत्र बसतो, पण प्रात्यक्षिकाला त्याच्या बॅचेस पडतात, कारण अ‍ॅसिडची बाटली शंभर जणांच्या हाती एकदम देता येत नाही, हे सर्वांना पटलेले आहे. त्या बॅचेसचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले जातात. भाषेच्या वर्गालाही अशाच बॅचेस पडाव्यात, निबंध वाचण्याचे तास कार्यभारात धरावेत आणि खर्ड्यांना अंतर्गत मूल्यमापनात गुण असावेत, या मागणीत अशक्य काहीच नाही, खर्च मात्र आहे. यावर कुणी म्हणेल की प्रात्यक्षिकांची जर्नले आपल्याकडे कशी पूर्ण होतात ते ठाऊक आहे. एकाची वही वर्गभर फिरते आणि आकृत्यांसकट उतरते. खरे आहे. जर्नल उतरवता येते कारण प्रयोग सर्वांना एकच असतो आणि उत्तर आधीच माहीत असते. निबंधाच्या बॅचमध्ये प्रत्येकाला विषय वेगळा द्यावा लागेल, तोही शक्यतो त्याच्याच गावाचा, वाचलेल्या पुस्तकाचा किंवा पाहिलेल्या कामाचा, आणि सही करण्यापूर्वी शिक्षकाला तो निबंध वाचावा लागेल.